तुळशी भरला, मग?

जुलै उजाडला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते: तुळशी तलाव भरून वाहू लागला. सोबत फोटो असतो, सांडव्यावरून फेसाळ पाणी कोसळतंय. सकाळच्या चहाबरोबर बातमी वाचली जाते आणि ‘चला, पाणीकपात टळली’ असं घरात कुणीतरी म्हणतंच. त्याच्या मागेपुढे पवई भरल्याचीही बातमी येऊन गेलेली असते. पवईचं पाणी पिण्यासाठी वापरलंच जात नाही, पण आनंद व्हायचा तो होतो.

आता जरा आकडे मांडू. मुंबईला पाणी पुरवणारे जलाशय सात: भातसा, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, तानसा, मोडकसागर, विहार आणि तुळशी. सगळ्यांची मिळून क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. त्यात एकट्या भातसाचा वाटा ७,१७,०३७, म्हणजे निम्म्याला अगदी थोडा कमी. तुळशीचा वाटा ८,०४६. शहराला रोज साधारण ३,९०० दशलक्ष लिटर पाणी पुरवलं जातं. म्हणजे तुळशी काठोकाठ भरला तरी मुंबईला दोन दिवस पुरणार. भातसाचा साठा एका टक्क्याहून जरासा जास्त वाढला, की अख्खा तुळशी त्यात आला. पण भातसा एका टक्क्याने वाढला याचा फोटो काढता येत नाही, आणि मथळाही होत नाही.

बातमीत खोटं काही नसतं. तिच्याबरोबर छापल्या जाणाऱ्या चित्रातही नसतं. सारख्या उंचीची सात पिंपं, प्रत्येकात निळं पाणी, वर टक्के. चित्र देखणं, टक्के अचूक आणि बघणाऱ्याची समजूत साफ चुकीची, कारण भातसा आणि तुळशी त्या चित्रात सख्खे जुळे भाऊ दिसतात. यात आणखी कुणी हुशारी करून सातही टक्क्यांची सरासरी काढली तर विचारायलाच नको. समजा तुळशी आणि विहार शंभर टक्के भरले आणि बाकीचे पाच तीस टक्क्यांवर आहेत. सरासरी येते ५० टक्के. प्रत्यक्षात शहराच्या गाठीला ३२ टक्क्यांहूनही कमी पाणी. अर्धी टाकी भरली म्हणून आपण बिनघोर, आणि टाकीत एक तृतीयांशही नाही.

हे उदाहरण मी मुद्दाम आधी घेतलं. आलेख आणि डॅशबोर्ड सुबोध कसे करावेत यावर बोलणारे लोक बहुधा रंगांपासून, अक्षरांच्या आकारापासून, कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं यापासून सुरुवात करतात. ते सगळं आपापल्या जागी ठीक आहे. पण माझा अनुभव असा की आलेख धूसर होतो तो रंग चुकल्याने क्वचितच. काढणाऱ्याने आपल्याला काय म्हणायचंय हे ठरवलेलं नसतं, किंवा ठरवलेलं असूनही म्हणायची छाती होत नाही, म्हणून तो धूसर होतो. सात पिंपं काढणाऱ्याला ‘शहराकडे अमुक दिवसांचं पाणी आहे’ असं म्हणता आलं असतं. त्या वाक्याला जबाबदारी चिकटते. उद्या कुणी विचारेल, ‘तुम्ही दोनशे दिवस म्हणाला होतात.’ टक्क्यांना तसं कुणी विचारत नाही.

माझ्यावरच बेतलेली गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयासाठी डॅशबोर्ड करून देण्याचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या बैठकीत मी विचारलं, ‘हा बघणार कोण?’ उत्तर आलं, ‘सगळेच.’ मी विचारलं, ‘बघून काय करणार?’ थोडी शांतता, मग एकजण म्हणाले, ‘आढावा घेतील.’ मी तिथेच उठून यायला हवं होतं. आढावा घेणे ही क्रिया आपल्याकडे अशी आहे की ती झाल्यावर काहीही बदललेलं नसलं तरी चालतं. मी उठलो नाही. तीन महिन्यांत पडद्यावर सव्वीस आलेख जमले. प्रत्येक विभागाचे प्रमुख येऊन म्हणायचे, ‘आमचंही काहीतरी टाका, नाहीतर आम्ही काम करत नाही असं दिसेल.’ मी टाकत गेलो. सगळी खोगीरभरती. उद्घाटनाला नारळ फुटला, भिंतीवरचा मोठा पडदा उजळला, टाळ्या पडल्या.

त्याच मजल्यावर आवक-जावक विभागात एक बाई होत्या. त्या रोज सकाळी पांढऱ्या फळ्यावर मार्करने तीन आकडे लिहायच्या: काल अर्ज किती आले, किती निकाली निघाले, आणि पंधरा दिवसांहून जुने किती पडून आहेत. तिसरा आकडा लाल. साहेब केबिनकडे जाताना त्या फळ्यावर नजर टाकत, आणि लाल आकडा कालच्यापेक्षा वाढलेला दिसला की पाऊल थांबत असे. मी एकदा त्यांना विचारलं, ‘मॅडम, तीनच आकडे का?’ त्या म्हणाल्या, ‘चौथा लिहिला तर तिसरा कोण वाचेल? आणि मार्कर लवकर संपतो.’ माझ्या सव्वीस आलेखांसमोर कुणी थांबल्याचं मी पाहिलं नाही, अपवाद पाहुण्यांना दाखवण्याचा.

डॅशबोर्ड हा शब्द मुळात घोडागाडीचा. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल आत बसलेल्यांच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे एक फळी ठोकलेली असे, तिचं हे नाव. मोटार आली, चिखल उडवणारा घोडा गेला, फळी राहिली आणि तिच्यावर तबकड्या बसल्या. आज कार्यालयांतले कितीतरी डॅशबोर्ड त्या मूळ अर्थाने इमानेइतबारे काम करताना दिसतात: चिखल साहेबांच्या अंगावर येऊ देत नाहीत. ‘सगळी माहिती तिथे होतीच की’ असं म्हणायची सोय होते. सव्वीस आलेखांत वाईट बातमी एकोणिसाव्या जागी ठेवली की लपवल्याचा आरोप करता येत नाही आणि सांगितल्याचा त्रासही होत नाही. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, असा हा प्रकार.

याच्या उलट टोकाचं उदाहरण लाखो लोक रोज मान वर करून बघतात. लोकलच्या फलाटावरचा इंडिकेटर. गाडी कुठे जाणार, जलद की धिमी, बारा डब्यांची की पंधरा, आणि किती मिनिटांत. एवढंच. गाडीत गर्दी किती, आज किती गाड्या वेळेवर धावल्या, गेल्या वर्षीच्या तुलनेत काय स्थिती, यातलं काही नाही. जिन्यावरून उतरणाऱ्या माणसाच्या मनात एकच प्रश्न असतो, धावायचं की नाही, आणि इंडिकेटर त्याच प्रश्नाचं उत्तर देतो. डब्यांची संख्यासुद्धा शोभेला नाही. फलाटावर कुठे उभं राहायचं हे तिच्यावर ठरतं. मिनिटं दर वेळी खरी निघतात असं नाही, ते रेल्वेने बघावं. पण कुठली माहिती ठेवायची आणि कुठली वगळायची, याचा इतका स्वच्छ निवाडा मी फार थोड्या महागड्या पडद्यांवर पाहिला आहे.

इथे एक चुकीचा धडा घेतला जातो, की माहिती जितकी कमी तितकं चित्र सुबोध. मला ते पटत नाही. पुरावा आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेला असतो. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी कालनिर्णय सुरू केलं. त्याचं एक पान घ्या आणि त्यावर किती माहिती आहे ते मोजायचा प्रयत्न करा. तिथी, नक्षत्र, सण, उपास, जयंत्या, सुट्ट्या. हल्लीच्या कुठल्याही डिझायनरला दाखवलं तर तो ‘फार गर्दी आहे’ म्हणून निम्मं खोडेल. तरी आजीला एकादशी सापडते, आईला गॅस कधी लावला ते सापडतं, शाळकरी पोराला सुट्टी लगेच सापडते. याचं कारण गर्दीला शिस्त आहे. तारखेचा आकडा मोठा, तो लांबून वाचायचा. बाकीचं बारीक, ते जवळ जाऊन वाचायचं. प्रत्येक गोष्टीची चौकोनातली जागा ठरलेली. आणि लाल रंगाला नेमून दिलेलं काम आहे, सुट्टी सांगण्याचं. उद्या कुणी शोभा म्हणून बुधवारही लाल केले तर घराघरांत गोंधळ होईल. आपल्या डॅशबोर्डांवर रोज बुधवार लाल होत असतात, आणि कुणाला काही वाटत नाही, कारण त्यावर कुणाचं काही अवलंबून नसतं.

पाण्याकडे परत येतो, कारण आलेखातली सगळ्यात अवघड गोष्ट, शून्य कुठे मांडायचं ती, पाण्यात जशी दिसते तशी कुठे दिसत नाही. उन्हाळ्यात सोलापूरकडच्या माणसाला विचारा, तो सांगेल, ‘उजनी मायनसमध्ये गेलं.’ बाहेरच्या माणसाला हे वाक्य कळत नाही. धरणात उणे पाणी कसं असेल? उजनीची क्षमता सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातलं जवळपास ६३.६६ टीएमसी मृतसाठा आणि ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा. टक्के काढतात ते उपयुक्त साठ्याचे. उपयुक्त साठा संपला की शून्य, आणि मृतसाठ्याला हात लागला की उणे. म्हणजे उजनी ‘उणे ५० टक्के’ असताना धरणात अजून जवळपास ३७ टीएमसी असतं. पुण्याची खडकवासला साखळी, म्हणजे खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चारही धरणं तुडुंब भरली तरी होतात २९.१५ टीएमसी. पुण्याचं शंभर टक्के हे उजनीच्या उणे पन्नासपेक्षा कमी.

याचा अर्थ उजनीचं शून्य चुकीचं आहे असा नाही. त्या शून्याखाली कालव्याचं गणित बदलतं, पाळी मिळणार की नाही हा प्रश्न उभा राहतो, आणि तळाशी गाळ किती हा वाद निराळाच. शेतकऱ्यासाठी ते शून्य खरं आहे. पिण्याच्या पाण्यासाठी मात्र मृतसाठ्यातूनही नदीत पाणी सोडलं जातं, तेव्हा सोलापुरात नळ उघडणाऱ्यासाठी शून्य आणखी खाली आहे. एकाच धरणाला दोन शून्यं, कारण विचारणारे दोन. दोघांना एकच आलेख दाखवला तर एक उगाच घाबरतो नाहीतर दुसरा उगाच निर्धास्त राहतो. त्यात मुंबई मोजते दशलक्ष लिटरमध्ये, पुणे टीएमसीमध्ये, मराठवाडा दलघमीमध्ये, म्हणजे दशलक्ष घनमीटरमध्ये. एक टीएमसी म्हणजे साधारण २८.३ दलघमी, आणि एक दलघमी म्हणजे हजार दशलक्ष लिटर. राज्याचा एकत्र तक्ता करणाऱ्याने ही तीन मापं तशीच शेजारी ठेवली तर वाचणाऱ्याने कॅल्क्युलेटर घेऊन बसायचं का?

शून्याची दुसरी गंमत स्तंभालेखात होते. महाराष्ट्राची साक्षरता २००१ च्या जनगणनेत ७६.८८ टक्के होती, २०११ मध्ये ८२.३४. दोन स्तंभ काढा, आणि अक्ष शून्याऐवजी ७५ पासून सुरू करा. दुसरा स्तंभ पहिल्याच्या जवळपास चौपट उंच दिसेल. आकडे वर छापलेलेच आहेत, पण डोळा आकडे वाचायच्या आधी उंची वाचून मोकळा होतो. म्हणून स्तंभ शून्यापासूनच काढायचा, त्यात तडजोड नको. रेषेचं तसं नाही. रेषेत आपण चढ-उतार बघतो, उंची नाही. तापाचा तक्ता कुणी शून्य अंशापासून काढत नाही.

डोळ्याला काय जमतं आणि काय नाही, हे तपासून झालेलं आहे. १९८४ मध्ये विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या अमेरिकी संशोधकांनी प्रयोग करून दाखवलं की एकाच पट्टीवरच्या ठिपक्यांची तुलना माणूस सगळ्यात अचूक करतो. लांबीची तुलना त्याखालोखाल. कोन आणि क्षेत्रफळ आलं की अंदाज ढासळतो, आणि रंगाच्या गडद-फिक्या छटांवरून आकडा ओळखणं तर त्याहून कच्चं. शाळेत आपण कंपासने काढलेला वृत्तालेख विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसाने १८०१ मध्ये जगासमोर आणला, आणि तेव्हापासून तो हटायला तयार नाही. दोन-तीन भाग असतील तर असू द्या. पण अकरा तुकड्यांचा, अकरा रंगांचा, शिवाय तिरका आणि जाड केलेला वृत्तालेख म्हणजे बघणाऱ्याला कोनमापक घेऊन बसवणं. तेच अकरा आकडे मोठ्याकडून लहानाकडे आडव्या पट्ट्यांत लावा. पट्टीवरच नाव लिहा, म्हणजे कडेच्या रंगांच्या यादीकडे सारखं बघून यावं लागणार नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

काही बारक्या गोष्टी सांगून टाकतो. आकड्यांत स्वल्पविराम लाख-कोटीच्या पद्धतीने पाडा; 1,447,363 च्या चालीवर पाडलेले स्वल्पविराम वाचताना आपला माणूस शेवटून बोटं मोजत बसतो. लाल आणि हिरवा यांतला फरक न दिसणारे पुरुष तुमच्या बैठकीत असू शकतात, तेव्हा नुसत्या रंगावर विसंबू नका, शब्द किंवा खूणही द्या. मथळ्याच्या जागी ‘तालुकानिहाय अर्ज’ असं लेबल न लावता पूर्ण वाक्य लिहा: ‘तीन तालुक्यांत अर्ज साचले आहेत.’ असं वाक्य सुचत नसेल तर तो आलेख नकोच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही कितीही भारी, क्लिक केल्यावर उघडणारा, फिरणारा डॅशबोर्ड करा, शेवटी तो स्क्रीनशॉट होऊन व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात जाणार आणि कुणीतरी प्रवासात मोबाइलवर बघणार. तिथे क्लिक चालत नाही. म्हणून तारीख, वेळ, एकक आणि माहिती कुठून घेतली ते चित्रातच हवं. गेल्या वर्षीच्या पुराचे आकडे यंदाचे म्हणून फिरतात ते याच फटीतून.

आता न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ हे अमेरिकी अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं, सातही अंतराळवीर गेले. रॉकेटच्या सांध्यातल्या रबरी कड्या थंडीने ताठरल्या होत्या. आदल्या संध्याकाळी रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांनी फॅक्सने तेरा पानं पाठवून उड्डाण नको असं सांगितलं होतं. थंडी आणि कड्या यांचा संबंध मात्र त्या पानांतून डोळ्यांत भरत नव्हता. चर्चा झाली ती कड्यांना इजा झालेल्या उड्डाणांची, आणि ती थंडीतही झाली होती, उबेतही. इजा न झालेली उड्डाणं कुणी मांडलीच नाहीत. नंतर चौकशी आयोगाने ती मांडली, तेव्हा दिसलं की साधारण १८ अंश सेल्सिअसच्या खाली झालेल्या चारही उड्डाणांत कड्यांना त्रास झाला होता, आणि त्याच्या वरच्या वीसपैकी तिनांतच. अपघाताच्या सकाळी तापमान होतं जेमतेम २ अंश.

आलेखांचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी हा दोष इंजिनिअरांच्या मांडणीवर ठेवला, आणि त्या इंजिनिअरांना तो पटला नाही. मलाही तो अर्धाच पटतो. उड्डाण करायचंच असं वरच्यांचं ठरलं असेल तर उत्तम आलेखही धाब्यावर बसवता येतो. पण ‘जिथे काही घडलं नाही’ तीही माहितीच असते, हा टफ्टींचा मुद्दा खोडता येत नाही. आपल्याकडे याचं रोजचं रूप म्हणजे शून्य आणि कोरी जागा यांची सरमिसळ. ज्या तालुक्याने महिनाभर माहितीच पाठवली नाही, त्याच्या रकान्यात संगणक शून्य भरतो. तक्रारी शून्य, म्हणून नकाशावर तालुका हिरवा. प्रामाणिकपणे तेवीस तक्रारी नोंदवणारा शेजारचा तालुका लाल, आणि बैठकीत उभं करून झापतात त्यालाच. पुढच्या महिन्यात तोही शहाणा होतो. माहिती आलेली नसेल तर तसं लिहा, राखाडी रंग द्या, हिरवा देऊ नका.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो अगदीच पोकळ नाही. तुम्ही निष्कर्ष वाक्यात लिहून दिलात, नको ते वगळलंत, तर तुम्ही बघणाऱ्याच्या वतीने ठरवलंत की. माहिती तटस्थपणे समोर ठेवावी, अर्थ ज्याचा त्याने लावावा. ऐकायला हे लोकशाहीवादी वाटतं. पण सात सारखी पिंपं काढणाऱ्यानेही ठरवलंच होतं, की टक्के दाखवायचे आणि आकारमान दाखवायचं नाही. न ठरवता आलेख निघतच नाही. मग ठरवलेलं उघडपणे लिहिणारा बरा, कारण त्याचं वाक्य खोडता येतं. खाली पूर्ण तक्ता द्या, ज्याला पडताळायचं तो पडताळेल. जो काहीच म्हणत नाही त्याच्याशी वाद कसा घालणार?

त्या कार्यालयात नंतर एकदा गेलो होतो. पडदा भिंतीवर होता, बंद. फळ्यावर तीन आकडे होते आणि अक्षर वेगळं दिसत होतं. बाई निवृत्त झाल्या होत्या, त्यांच्या जागी आलेला मुलगा लिहीत होता. चौथा आकडा त्यानेही वाढवला नव्हता.

डॅशबोर्ड करणाऱ्यांना जे सांगायचं ते सांगून झालं. बघणाऱ्यांनाही थोडं काम आहे. पुढच्या जुलैत तुळशी भरल्याची बातमी आली की फोटो जरूर बघा, सुंदर असतो. मग एवढंच विचारा: भातसा किती?